पाणी येत आहे

एकशे अकरा हंडे. झाकण नसलेला एक कुकर. अर्धीच घातलेली वेणी. सगळ्यांच्या कानात बसवलेल्या दाण्याएवढ्या कर्ण्यातून एकाच क्षणी उमटलेलं एक वाक्य : ‘पाणी येत आहे.’

सकाळी दहाला देशभर धोक्याच्या इशाऱ्याचा सराव झाला. धरण फुटलं असं समजून वडजाई गावाने टेकडीवर पळायचं होतं. सगळं गाव नळावर पळालं. टेकडीवर एकटे तपासनीस राजोपाध्ये उभे राहिले.

ते घामाघूम होऊन खाली उतरले. “सरपंचबाई, लोकांनी सूचना पाळली नाही.”

“पाळली की!” हौसाबाई म्हणाल्या. “पाणी येतंय म्हटल्यावर बाई हंडा नाही घेणार, तर काय आरसा घेणार?”

“टेकडीवर नळ बसवा, साहेब, मग तिकडं पळू!” रांगेतून कुणीतरी ओरडलं.

राजोपाध्यांनी अंगठा उमटवायची पाटी पुढे केली. “वाक्य यंत्राने ठरवलंय. तुम्ही अंगठा दिलात की कायम होईल. खऱ्या वेळीही हेच ऐकू येईल.”

“म्हणजे खऱ्या वेळी आम्ही हंड्यांसकट वाहून जायचं.” हौसाबाईंनी अंगठा मुठीत दाबला. “‘धरण फुटलं, टेकडीवर पळा’ असं कानात ऐकू येईपर्यंत ही मूठ उघडायची नाही.”

“अहो, एका अंगठ्यापायी अख्ख्या देशाच्या सरावाचा निकाल अडेल!”

“अडू दे. यंत्राला म्हणावं, आधी मराठी शीक.”

मागे एकशे अकरा बायकांनी आपापल्या मुठी आवळल्या.

सराव सुरू झाला तेव्हा वडजाईच्या नळाला नऊ दिवस पाणी आलेलं नव्हतं.