हत्तीसमोरचं अंडं

दुर्गा खायला तयार झाली, पण हत्तीसमोर. विषमज्वरातून उठून महिना झाला तरी सात वर्षांची ही पोर दोन चमचे पेजेच्या पुढे जात नव्हती. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. असंच चाललं तर तिला इस्पितळात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे हत्तीचं नाव तिच्या तोंडून निघालं मात्र, भाईंदरजवळच्या नवघरातल्या त्या घरात दुसऱ्याच दिवशी राणीच्या बागेला जायचं ठरलं.

पहाटेच बांधाबांध सुरू झाली. बागेत काही विकत घ्यायचं नव्हतं. ते परवडणारं नव्हतं, आणि पोरीला बाहेरचं द्यायचंही नव्हतं. तिच्या आईनं, शालननं, घरच्या कोंबड्यांची चार अंडी उकडली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, चुलीत रताळी भाजली. दुर्गाचा बाप अमृत मिठागरावर गेला होता. ऐन हंगामात त्याला सुट्टी नव्हती. आजा धर्माजी मात्र धुतलेलं धोतर नेसून दर पाच मिनिटांनी चुलीपाशी येत होता.

"गूळ घेतलास? पानी घेतलंस? फडकं?"

"सगलं घेतलंय, बाबा," शालन म्हणाली. "आता फकस्त तुमालाच बांधायचं ऱ्हायलंय."

दुपारी हत्तीच्या कुंपणासमोर फडकं पसरलं. शालननं अंडं सोलून दुर्गाच्या हातात दिलं. दुर्गानं हत्तीकडे बघत बघत एक घास घेतला आणि थांबली.

"आये, मीठ दे ना."

महिन्याभरात पोरीनं तोंडानं मागितलेली ही पहिली खायची वस्तू. शालननं घाईघाईनं पिशवी चाचपली, मग सरळ उलटी केली. मीठ नव्हतं. नसणारच. ज्या घराच्या पडवीत मिठाची पोती भिंतीला टेकून उभी, हात लांबवला की मीठ, तिथं ते पुडीत बांधून न्यायचं कुणाच्या डोक्यात येणार? काकडीवाला समोरच होता, पण त्याच्या डब्यातलं मीठ तिखटात कालवून लालभडक झालेलं, आणि तिखटाचं बोटही लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आजच्या दिस तसंच खा गो, बाय."

"अळनी न्हाय जात." दुर्गानं अंडं फडक्यावर ठेवलं आणि तोंड फिरवलं. हे तोंड फिरवणं शालन महिनाभर बघत होती. तिला रडूच आलं.

पलीकडच्या झाडाखाली लालबागचं एक कुटुंब ट्रान्झिस्टर लावून डबे उघडून बसलं होतं. शालन तिकडे जायला उठली आणि सासऱ्याकडे बघून जागच्या जागी थबकली. धर्माजीचा एक हट्ट सगळ्या गावाला माहीत होता: मिठागरवाल्यानं जगाला मीठ द्यावं, कुणाकडे मागू नये. शालनच्या लग्नात, पेणजवळच्या तिच्या माहेरी, भाजी साफ अळणी झाली होती. सगळी पंगत मीठ मीठ करत होती. एकटा धर्माजी ती भाजी निमूटपणे संपवून उठला होता.

"तू बस," धर्माजी म्हणाला.

तो उठला. आधी थोडा वेळ त्यानं हत्ती बघितल्यासारखं केलं. मग टोपी नीट केली आणि त्या झाडाखाली गेला.

"बाय, चिमूटभर मीठ हाय का? पोरीला अंड्यासंगती पायजे."

"अहो, देते की," ती बाई म्हणाली. "पण हातावर नको हां आजोबा, भांडण होतं." तिनं पेपराचा कोपरा फाडला आणि त्यावर मीठ घातलं.

तिच्या नवऱ्यानं ट्रान्झिस्टर बारीक केला. "कुठनं आलात?"

बोरिवली म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"भाईंदर," धर्माजी म्हणाला.

"भाईंदर? अहो, तिथं तर डोंगर असतात मिठाचे! आणि तुम्ही आमच्याकडे मागताय?" तो माणूस मनापासून हसला. त्याची पोरंही हसली.

हेच वाक्य कधी ऐकावं लागू नये म्हणून धर्माजी साठ वर्षं जपून वागला होता.

"हायत ना डोंगर," तो म्हणाला. "आमच्याच मिठागरावर हायत. सगलं बांधून आनलं, मीठच इसरलो."

कागदावर दुसऱ्या हाताचा आडोसा धरून तो परत आला. दुर्गानं अंडं मिठात टेकवलं आणि खाल्लं. पुन्हा टेकवलं, पुन्हा खाल्लं. हत्तीनं सोंड वर केली, बाकीची पोरं ओरडली, पण हिचं लक्षच नव्हतं. आपण काही बोललो तर पोर थांबेल, या भीतीनं शालन श्वास धरून बसली होती. अंडं संपलं. दुर्गानं बोटं चाटली, आपल्या हातानं दुसरं अंडं उचललं आणि कागद आज्यापुढे धरला.

"आजा, मीठ संपलं."

"बाबा, आता मी जाते," शालन म्हणाली. पण धर्माजी केव्हाच उठला होता. गडबडीत टोपी खाली पडली, ती त्यानं उचललीही नाही. अर्ध्या वाटेवरूनच, आजूबाजूची सगळी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं तो ओरडला,

"बाय, अजून मीठ दे गो! पोर खाते!"