जिव्याच्या मांडीतली गाठ

पोशेरा गावच्या जिव्याच्या मांडीत खोलवर वाढलेली नारळाएवढी गाठ जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काढली. "चरबीची साधी गाठ वाटतेय," ते त्याच्या बायकोला, रामीला म्हणाले.

"वाटतेय, का हाये?" रामीने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "एवढ्या खोल गाठीत चरबीचा कॅन्सरही असू शकतो. भिंगाखाली दोन्ही कधीकधी सारखेच दिसतात. पेशींतली जनुकं तपासली की फरक कळतो. पण तुकडा मुंबईला पाठवावा लागेल."

"मग पाठवा."

घरी जिव्या तिच्याशी बोलेनासा झाला. दीर सोन्या पाड्यावर सांगत फिरला, "वयनी चांगल्या माणसाला कॅन्सर चिकटवाया निघाली." रिपोर्ट आल्याचं कळताच रामी एकटीच एसटीने जव्हारला गेली. परत आल्यावर अंगणात सगळ्यांसमोर तिने सांगितलं, "कॅन्सर नाय. साधीच गाठ हाये."

सोन्या मोठ्याने हसला. "आमी येवढे दिवस काय सांगत होतो? सगळ्यांशी वाकडं घेऊन काय मिळवलं वयनी?"



रामी म्हणाली, "ह्येच ऐकाया गेलते."