बंद न केलेला कॉम्प्युटर

सोनमनं लॅपटॉपचा पडदा चेअरमनकडे वळवला. "हे बघा. हाच तो प्रोग्राम."

हंबीररावांनी चष्मा घातला, वाकून बघितलं आणि पुन्हा काढून ठेवला. "ही किडामुंगीवानी अक्षरं? मला काय कळतंय त्यातलं. तोंडानं सांगा की म्याडम."

दूध संस्थेच्या ऑफिसात तिघंच होती. बाहेर संध्याकाळचं दूध घालायला रांग लागली होती. किटल्यांचा आवाज आत येत होता. टेबलावर संस्थेचा जुना कॉम्प्युटर उघडून ठेवला होता. तो तपासायला सोनम कोल्हापूरहून आली होती. तिला घेऊन आली होती पूर्णिमा, केरबांची मुलगी. याच कॉम्प्युटरवर केरबा बसायचे. सभासदांच्या दुधाचं फॅट कमी दाखवून पैसे कापतो म्हणून गेल्या वार्षिक सभेत माइकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यानंतर पूर्णिमाचे अण्णा घराबाहेर पडले नाहीत. पडले ते चौघांच्या खांद्यावरून.

"मशीन फॅट बरोबर मोजत होतं," सोनम म्हणाली. "आकडा कॉम्प्युटरमध्ये आला की हा प्रोग्राम तो कमी करायचा, आणि चिठ्ठीवर कमी फॅट छापलं जायचं. रोज सकाळी हा बाहेरून, इंटरनेटवरून यायचा. डिस्कवर काही ठेवायचा नाही, नुसता चालत्या मेमरीत राहायचा. कॉम्प्युटर बंद करायला घेतला की आपल्या खुणा पुसायचा, आणि बंद झाला की स्वतःही नाहीसा. म्हणून सभेआधी तुम्ही तपासायला बोलावलेल्या माणसाला काही सापडलं नाही."

"आणि केरबा तर रोज बंद करून जायचा. मेन स्विचसकट. म्या सवता बघितलंय."

"तेच तर. ते इतक्या नेमानं बंद करायचे, की याला पुसायला आयतंच मिळायचं."

पूर्णिमा खिडकीकडे बघत राहिली. घरीसुद्धा झोपण्याआधी अण्णा एकेका बटणावरून हात फिरवायचे. आई चिडायची.

"मग आत्ता कुठनं घावलं?" हंबीररावांनी विचारलं.

"एक दिवस त्यांनी बंद केला नव्हता." सोनम थांबली. तिनं पूर्णिमाकडे बघितलं.

"सभेचा दिवस," पूर्णिमा म्हणाली. "तुम्ही माणसं पाठवून त्यांना खुर्चीवरून उठवून नेलंत."

हंबीरराव टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले.

"त्या संध्याकाळी वीज गेली," सोनम पुढं सांगू लागली. "टेबलाखालच्या बॅटरीवर कॉम्प्युटर थोडा वेळ चालला. बॅटरी संपत आली, तेव्हा मेमरीत होतं नव्हतं ते सगळं त्यानं आपणहून डिस्कवर उतरवून ठेवलं आणि झोपी गेला. बंद झालाच नाही, त्यामुळं याला पुसायला सवड मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही नवा कॉम्प्युटर आणलात आणि हा अडगळीत गेला. कुणी हात लावला नाही, म्हणून राहिलं."

बाहेर कुणीतरी कुणाच्या तरी दुधातल्या पाण्यावरून मोठ्यानं हसलं. आत हंबीररावांनी आवाज खाली आणला. "ह्यात नाव निघतंय का कुणाचं?"

"पाठवणाऱ्याचं नाही. तेवढं यानं आधीच पुसलंय. पण इथं बसणाऱ्या माणसानं हे केलेलं नाही, एवढं नक्की. कुठंही येऊन सांगेन."

"म्हंजे नाव न्हाय."

"नाही."

हंबीरराव खुर्चीत मागं रेलले. मग दाराकडं बघून ओरडले, "आरं, च्या सांगा रं तीन! पावणं मघाधरनं तसंच बसल्यात."

"काका, चहा नको," पूर्णिमा म्हणाली. "येत्या सभेत एवढं सांगा. माइकवरून. तेव्हा सांगितलं होतंत तसंच."

"सांगू की. सांगायला काय?" ते हसले. मग खुर्ची पुढं ओढून, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलले. "पर पोरी, कशापायी? माणूस गेलं. त्येच्यामागं त्येचं नाव परत माइकवर घ्यायचं, बरं दिसतंय का? लोक इसरल्यात बी. गावात कोण काढतंय आता त्यो विषय?"

पूर्णिमा उठली. सोनम वायरी गुंडाळत होती, तोवर ती बाहेर आली. दूध घालून झालेली एक म्हातारी पायरीवर टेकली होती, रिकामी किटली शेजारी ठेवून. आतून कुणीतरी तिला "धोंडुबाई, चिठ्ठी ऱ्हायली गं" म्हणून हाक मारली, तिनं हातानंच 'असू दे' केलं. मग मान वर करून पूर्णिमाला न्याहाळलं.

"कुणाची गं तू? वळखली न्हाय."

"केरबांची मुलगी, मावशी. कोल्हापुरात असते."

"कुठलं केरबा? गावात तीन केरबा हायत."

"इथं कॉम्प्युटरवर बसायचे ते."

"आत्ता गं बया!" म्हातारीचा चेहरा खुलला. "चोर केरबा व्हय? मग तसं सांग की आधी. लई भला माणूस हुता गं." तिनं किटली आपल्याकडं ओढली आणि पायरीवर जागा करून दिली. "बस, पोरी. दमून आलियास."