चवीचा पहिला घास

अंबाबाईनं स्टीलचा डबा ओट्यावर ठेवला, आदळलाच म्हणा, अन् पदर नाकाशी धरून म्हणाली, "दे वो यात. घरी नेऊन चारते."

वंदनानं डब्याकडं पाहिलंसुद्धा नाही. अंगणवाडीत रांधायचं काम तिचं. आज मंगळवार, खीर-पुरीचा दिवस, अन् ओसरीत पोरं ताटं बडवून राहिली होती. अंबाबाईच्या कडेवर तिची नात होती, डिंपल. नावाचीच डिंपल, गालावर चिमटीत धरायला मांस नाही. दंडाला अंगणवाडीची मोजपट्टी लावली की लाल दाखवते, म्हणजे पार कुपोषित. घरी दूध आहे, तूप आहे, संत्र्याचा बगीचा आहे, पांढुर्ण्याचे दोन डॉक्टर झाले. पण तापातून उठल्यापासून पोरगी घरचं काही तोंडात धरत नव्हती. काल मात्र ती आपल्या पायानं अंगणवाडीत शिरली अन् दुसऱ्याच्या ताटातली खिचडी भसाभस खाऊन गेली. दिवस मावळायच्या आत गावभर झालं. म्हणून आज हा डबा.

अन् ही अंबाबाई कोण? वंदना कामाला लागली त्या पहिल्या दिवशी हिनंच दारात उभं राहून पोरांना पंगतीतून दंड धरधरून उठवलं होतं. "बौद्धपुऱ्यातलीच्या हातचं आमची लेकरं खातील का?" भरलं पातेलं बैलांपुढं रिकामं झालं. पुढं वरून साहेब आले, त्यांनी दम भरला, पोरं एकेक करत परत आली. वंदना हसून वाढत राहिली. पण मनात गाठ बसली ती बसली, आणि ती सोडायची तिला काडीची घाई नव्हती.

"घरी नाही देत," वंदना म्हणाली. "पंगतीत बसू द्या पोरीले. अन् पोराईच्या आधी एक बाई चव घेते, नियम आहे. आज तुमचा नंबर."

पोरांना सोडायला आलेल्या बायका भिंतीला टेकून बोलत होत्या, त्यांनी माना वळवल्या.

"माहा मंगळवार आहे," अंबाबाई म्हणाली. "जामसावळीच्या मारुतीचा उपास."

"पोरीचा बी उपासच होऊन राहिला ना, बाई. तिनं कोणता देव धरला?"

कोणीतरी फिसकन हसलं. अंबाबाईनं तृप्तीकडं पाहिलं. अंगणवाडी तृप्ती चालवते, अन् ती अंबाबाईच्या भावकीतलीच. पण तीही खाली पाहून म्हणाली, "काकू, नियम तर आहे."

"मंग उद्या या," वंदना म्हणाली आणि तिनं खिरीवर झाकण घातलं.

झाकण पडलं तशी डिंपल रडायला लागली. रडायलाही अंगात ताकद लागते; नुसतं कुंईकुंई. पातेल्याकडं हात करून रडत होती. वंदनाला ते बघवेना. तरी तिनं झाकण उचललं नाही. देवाशप्पथ, उचललं नाही.

"आण," अंबाबाई दात आवळून म्हणाली आणि चमच्यासाठी तिनं हात पुढं केला.

"चमचा कशाले?" वंदनानं पुरीचा तुकडा खिरीत बुडवला, आपल्या बोटांनी, अन् थेट तिच्या तोंडापाशी नेला. "आ करा."

अंबाबाईनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा नातीकडं. मग डोळे मिटून तोंड उघडलं. घास गळ्याखाली उतरताना साऱ्या बायकांनी पाहिला. वंदनाचं काळीज असं निवलं की दिवाळीलाही कधी निवलं नसेल.

"झालं तुह्या मनासारखं?" अंबाबाईनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

"आजच्यापुरतं झालं. पोरगी अंगानं भरेपर्यंत रोज तुम्हीच चव घ्यायची. माह्याच हातानं."

"घेईन," अंबाबाई म्हणाली. हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

वंदनानं डिंपलला पंगतीत बसवलं, ताट भरून वाढलं. पोरगी दोन्ही हातांनी खात सुटली, नाकातोंडाला खीर माखली. ताट चाटून तिनं पुन्हा पुढं केलं. वंदनानं पुन्हा वाढलं. अन् वाढता वाढता, माय वो, तिच्या मनात आलं, हिच्या अंगी इतक्यात काही लागू नये.