नाव लागतं

"आजी, मेल्यावरचं गाणं आत्ता म्हणून दाखवाल?"

रियाने माइकसमोर विचारलंच! काचेपलीकडे तिच्या मैत्रिणी आसावरी आणि अंतरा तोंड दाबून हसल्या. पैज त्यांचीच होती. कर्जतच्या त्या छोट्याशा ठाकरी रेडिओवर रविवारचा कार्यक्रम थेट चालू होता. रियाला ठाकरी बोली येत नव्हती. तिला निवेदनाला घेतलं होतं ते ठाकर आदिवासींमधल्या आडनावावरून.

"मेलं कोन?" समोर बसलेल्या सोनाबाईने विचारलं.

"कोणी नाही. लोकांना ऐकवायला."

"नाव घेतल्याबिगर त्ये गानं येत नाय, पोरी. आन् माज्यामागं कुनाला येतबी नाय."

"मग माझं घ्या ना!"

सोनाबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला, डोळे मिटले. रियाने मैत्रिणींना अंगठा दाखवला. शब्द कळत नव्हते, पण दर ओळीला तिचं नाव येत होतं. मग मध्येच शाळा आली, डबा आला. म्हातारी गाता गाता रचत होती आणि खरंच रडत होती. काचेपलीकडचं हसू कधीच थांबलं होतं.

गाणं संपलं. सोनाबाईने डोळे पुसले आणि चहा मागितला.

"आजी, हे शिकायचं असेल तर?"

"शिकतानाबी नाव लागतं. घरच्याच मानसाचं. नवख्याला परक्यावर रडू येत नाय."

नेरळला घरी, 'जना-नवनाथ' अशी पाटी असलेलं दार उघडताच आईने थोबाडीत मारली. ओट्यावरच्या मोबाइलवर रेडिओ अजून चालूच होता.

"जित्या पोरीवर रडायला लावलंस? शाळेच्या वाटेवर गवत उगवलं म्हणे! डबा उघडायला कोणी उरलं नाही म्हणे! शेवटी मातीसुद्धा दिली तुला!"

"आई, तुला तर ही बोली येत नाही ना?"

आईने मोबाइल बंद केला. बाबा उठले, त्यांनी खिडकी लावून घेतली.

"अख्ख्या बिल्डिंगनं ऐकलं. वाडी सोडली ती कशासाठी? ती बोली या घरात मेली. कळलं?"

"कळलं." रियाने गाल चोळला. "शनिवारपासून मी सोनाबाईकडे जाणार आहे. ते गाणं शिकायला."

"जाऊन तर दाखव."

"नावं देऊन आलेय, बाबा. आधी जना, मग नवनाथ."