सव्वा मूठ गहू

ताईबाई एकेका पुरुषाचं नाव घेत होती आणि बेबाबाई त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकत होती. उद्या घरात कानबाई देवी बसणार. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू घरच्या पुरुषांच्या नावाने मोजायचे, अशी रीत. गेल्या महिन्यात जन्मलेल्या, अजून बारसंही न झालेल्या पोराचीसुद्धा मूठ पडली. जमलेले भाऊबंद कौतुकाने हसले.

बेबाबाईची लेक प्रमिला जात्याजवळ बसली होती. पुण्याच्या विद्यापीठात मराठीच्या एम. ए.ला तिची निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. उद्या रविवारी कानबाई सोडून निघता येणार नाही, म्हणजे आज संध्याकाळची एस.टी. गाठायलाच हवी. पण थोरले काका, हिलाल आबा, महिनाभर एकच पालुपद लावून बसले होते, बठ्ठे जमतीन तवय पाहू. आता सगळे जमले होते. तिचा बाप पंडित खांबाशी बसून सुतळीचा गुंता सोडवत होता. भावापुढे त्याने जन्मात कधी ब्र काढला नव्हता, आजच कुठून काढणार?

"धुळ्यालेबी एम. ए. शे ना?" आबांनी विचारलं.

"शे," प्रमिला म्हणाली. "पन माले लोकसाहित्य शिकानं शे, आबा. तठे पुण्याले आपला या कानबाईना गानास्ना अभ्यास करतस."

ताईबाई, आबांची म्हातारी आत्या, पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"कानबाईना गाना शिकाले पुण्याले जावानं? माले बठ्ठा पाठ शेतस. बैस आठे, मी शिकाडस तुले. फी बी नको दिऊ!"

ओसरी हास्याने भरून गेली. त्या हसण्यात वाकडं काहीच नव्हतं, हीच पंचाईत. ताईबाई खरंच शिकवायला बसली असती. तिची शंभरेक गाणी प्रमिलाने लहानपणापासून ऐकली होती, त्यांच्याच जोरावर ती पुण्याच्या मुलाखतीत घडाघडा बोलली होती. समोरचे प्राध्यापक माना डोलावत होते. तेच आता इथे, आपल्याच माणसांत, आपल्याच अहिराणीत सांगायचं तर एक वाक्य सापडेना. तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो काढावा असं समोर कुणी दिसेना.

तिने बापाकडे पाहिलं. सुतळी केव्हाच सुटली होती. पंडितने ती पुन्हा गुंतवली आणि पुन्हा सोडवायला घेतली.

"धुळ्याले तिनी मावशी शे," आबा उठता उठता म्हणाले, मायेनेच. "लगीन जमस तवलोंग तठे शिकू दे पोरले."

झालं. बाया परत गव्हांकडे वळल्या. रस्त्यावरून संध्याकाळची एस.टी. हॉर्न वाजवत गेली. कुणी मान वर केली नाही.

नावं संपली होती. सूप बाजूला सारायचं तेवढं राहिलं होतं. तरी बेबाबाईचा हात पुन्हा पोत्यात गेला. भरली मूठ सुपावर आली आणि तिथेच थांबली.

"आते कोना नावनी?" ताईबाईने विचारलं.

बेबाबाईने मान खाली घातली. मूठ इतकी आवळलेली होती की बोटांच्या फटींतून दोन-चार दाणे सुपात पडले. प्रमिला आईच्या मुठीकडे बघत राहिली.

"कोनीच नही," बेबाबाई म्हणाली. "चुकनू."

तिने मूठ पोत्यात रिकामी केली. मग सुपात पडलेले ते दोन-चार दाणे शोधायला लागली. पण ते कधीच पुरुषांच्या गव्हात मिसळून गेले होते.