बगलेतला टाका

पानिकपाकने सुनेचा डगला उलटा केला, बगलेच्या शिवणीवरून नख ओढलं आणि फिसकन हसली.

"अलुकी, हे टाके आहेत की चिखलातली बदकाची पावलं?"

शेजारीण अलुकी चहाचा कप धरून भिंतीला टेकली होती. तिलाही हसू आलं. जिच्याबद्दल हे चाललं होतं ती सून, इवालु, हातभर अंतरावर जमिनीवर पाय पसरून कॅरिबू हरणाचं कातडं दातांनी चावून मऊ करत होती. तिने मान वर केली नाही. सासू-सुनांनी एकमेकींशी थेट बोलायचं नाही, ही जुनी रीत त्या घरात अजून पाळली जात होती. सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. पानिकपाकला ही रीत फार मानवली होती. लेकी बोले सुने लागे, आणि सुनेला उत्तर द्यायची सोय नाही.

खाडीवरचा बर्फ आता माणसाचं वजन पेलत होता. पानिकपाकचा मुलगा तुलुगाक उद्या सीलच्या शिकारीला निघणार होता, बर्फ संपून उघडं पाणी लागतं तिथपर्यंत. हिवाळ्याचे कपडे त्याआधी शिवून व्हायलाच हवेत. पायमोजे, विजारी, हातमोजे झाले होते. डगले मात्र या वर्षी पहिल्यांदाच दोन होते. एक आईने शिवलेला, एक बायकोने. अंगात जाणार एकच. ज्या बाईचा डगला माणूस बर्फावर नेतो, घरात सुई तिची. दुसरीने कातडी चावायची. आणि पानिकपाकचे दात झिजून केव्हाच हिरड्यांना टेकले होते. सुई गेली तर तिच्याकडे चावायचं कामसुद्धा उरणार नव्हतं.

म्हणून तिने आज काही शिल्लक ठेवलं नाही. सुनेच्या माहेरचे लोक दुकानातले फुगीर कोट घालून कुडकुडतात, हे सांगून झालं. हरणाच्या पाठीचं कातडं माणसाच्या पाठीवर यावं लागतं, एवढी अक्कलही हिला या घरात येऊन आली, हेही झालं. वर ही डावखुरी. साऱ्या गावाचे टाके उजवीकडे झुकतात, हिचे डावीकडे. असल्या टाक्यातून वारा आत येतो आणि नशीब बाहेर जातं, असं पानिकपाकने अलुकीला बजावलं.

"आणि चोरटी. मागच्या शरदात मी तुझ्याकडे पत्ते खेळायला येत होते ना? एकदा लवकर परतले, तर ही थंडगार पडवीत बसलेली, मांडीवर मी तुलुगाकसाठी शिवलेला डगला. नमुना चोरत होती. बरं, चोरला तर चोरला. चोरून शिवलं काय, तर हे."

इवालुने कातडं तोंडातून काढलं. "अलुकीबाई, चहा देऊ अजून?" एवढंच ती म्हणाली.

पानिकपाकला त्या शांतपणाचा राग आला. तिने अलुकीला पडवीतून मागच्या वर्षीचा डगला आणायला लावलं. त्या डगल्याला गाव ओळखत होतं. गेल्या हिवाळ्यात बर्फाचा तुकडा फुटून तुलुगाक त्याच्यासकट समुद्रात वाहून गेला होता. वादळ निवल्यावर तो सापडला तेव्हा त्याची वीसच्या वीस बोटं शाबूत होती. माणसं घरी येऊन पानिकपाकचे हात हातात घेऊन गेली होती. तेव्हापासून ती ही गोष्ट न विचारता सांगत असे.

"शिवण बगलेत मरते," ती डगला उलटा करत म्हणाली. "माणूस हात उचलतो, तिथेच ताण येतो. बघून घे, म्हणावं. बगल अशी शिवतात."

तिने स्वतः मात्र बघितलं नाही. दोन हिवाळे तिच्या डोळ्यांवर दुधासारखी साय धरली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ती बोटांनीच बघायची, आणि एकदा शिवून झालेल्या डगल्यावर पुन्हा बोट फिरवायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

बोट शिवणीवरून निघालं आणि थांबलं. टाके बारीक होते, एकाला एक लागून होते. आणि डावीकडे झुकलेले होते.

तिने दुसरी बगल चाचपली. मग खांदा. मग डगल्याला जोडलेलं टोपडं. सगळे डावीकडे. शिवणीच्या बाहेर, कडेला, उसवलेल्या टाक्यांची जुनी रिकामी भोकं बोटाला लागत होती. एक इथे, एक तिथे, मध्ये करंगळी जाईल एवढी फट. चिखलातली बदकाची पावलं.

"काय गं, काय लागलं बोटाला?" अलुकीने विचारलं.

कातडं चावण्याचा आवाज थांबला होता.

तेवढ्यात तुलुगाक बुटांवरचा बर्फ झटकत आत आला. दोन्ही नवे डगले जमिनीवर पडलेले पाहून तो घुटमळला. उद्या कुठला घालू, असं त्याने आईकडेही न बघता आणि बायकोकडेही न बघता विचारलं.

"तिचा घाल," पानिकपाक म्हणाली. "तुला सवय आहे."

त्याला काही कळलं नाही. पानिकपाकने स्वतः शिवलेला नवा डगला गोळा केला आणि इवालुच्या मांडीवर टाकला. मग लग्न होऊन ही मुलगी घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती तिच्याकडे तोंड करून बोलली.

"हा उसव. पडवीत नको, इथे बस, माझ्यासमोर. आणि शिवायची तात घट्ट ओढत जा. मागच्या वर्षी डाव्या बगलेत दोन टाके ढिले ठेवलेस."